प्रतिसाद: बाहुलीवर दाखवूनही मूल का घाबरतं?

मुलाला सलाईन लावण्याआधी भीती कमी व्हावी म्हणून ती सुई बाहुलीला टोचून दाखवली, तरी मूल जास्तच बिथरलं, असा अनुभव एकाने लिहिला होता; त्याला हे उत्तर. बहुतेक वेळा चूक एकच असते: मोठी माणसं करून दाखवतात आणि मूल नुसतं बघत राहतं. खेळ मुलाच्या हातात हवा. साधी कापडी बाहुली, खरी चिकटपट्टी, कापूस, सुईविना सिरिंज आणि सुई काढून टाकलेली सलाईनची मऊ नळी एवढं पुरतं. सुई आत राहत नाही, राहते ती ही नळी. मुलाला ती बोटांनी वाकवून बघू द्या. सुई आतच राहील ही भीती फार खोल असते, म्हणून इथे घाई नको. मूल बाहुलीला पुन्हापुन्हा जोरात टोचत राहिलं तरी थांबवू नका, राग तिथेच निघतो.

खरी सुई टोचायच्या वेळी 'दुखणार नाही' असं कधीच सांगू नका. 'चिमटा बसेल' म्हणा. हात कुठला, पट्टी कुठली, हे मुलाला ठरवू द्या, पण 'टोचू का?' असं विचारू नका, कारण 'नाही' म्हणायची सोय तिथे नसते. बधिर करणारं मलम लावणार असाल तर साधारण १ तास आधी. टोचताना साबणाचे फुगे फुंकायला द्या, श्वास आपोआप लांबतो.

कापडी बाहुली एका मुलाची एकच, दुसऱ्याला देऊ नये. संसर्ग पसरतो.