पोरांच्या फुटबॉल ट्रॉफीला नाव कुणाचं द्यायचं?

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी 🙏 मुलांच्या फुटबॉल स्पर्धेचा बॅनर उद्या छपाईला द्यायचाय. ट्रॉफीला कुणाचं नाव द्यायचं ते आज रात्रीपर्यंत सांगा.

ए-703: मेस्सी ट्रॉफी. पोरं खूश होतील

बी-204: माझं मत सय्यद अब्दुल रहीम. आपल्या देशाच्या टीमचे कोच, 1950 पासून ते 1963 ला गेले तोपर्यंत. मेस्सी पोरांना पाठच आहे, रहीम साहेब कुणी सांगितलेच नाहीत त्यांना.

ए-703: त्यांच्यावर पिक्चर आला होता ना मध्ये?

बी-204: हो तेच. पण पिक्चर बाजूला ठेवा, हा माणूस मुळात हैदराबादचा शाळामास्तर. 1943 पासून हैदराबाद सिटी पोलीसच्या टीमला शिकवायचे, आणि शिकवायची पद्धत बघा, पोरांच्या अशा मॅचेस लावायचे की ज्यात फक्त कच्च्या पायाने खेळायचं, उजव्या पायाचा असेल तर डाव्यानेच मारायचं, किंवा मग ड्रिबलिंगच बंद, बॉल आला की पास करून मोकळं व्हायचं. आपल्याकडे अजून प्रत्येक पोराला एकट्यालाच पळत जाऊन गोल मारायचा असतो, खाली रोज बघतोच आपण.

डी-101 (आजोबा): हैदराबाद पोलीसची टीम मी लहानपणी कूपरेजला बघितली आहे. वडील न्यायचे रोव्हर्स कपला. 1950 ते 1954 सलग पाच वर्षं कप त्यांनीच नेला, मुंबईत दुसऱ्या कुणाला हातच लावू दिला नाही. बॉल जमिनीवरून सरकत जायचा, याच्याकडून त्याच्याकडे, उगाच उंच मारणं नाही. वडील म्हणायचे बॉल बघू नकोस, ज्याच्याकडे बॉल नाही तो कुठे पळतोय ते बघ.

बी-204: आजोबा 🙏 वडिलांनी नेमकं सांगितलं, रहीम साहेबांचा सगळा खेळ त्यातच आहे

सी-305: पण मी वाचलंय की 1952 च्या ऑलिम्पिकला आपण 10-1 हरलो. तेव्हा पण हेच कोच होते ना?

बी-204: हो ताई, हेलसिंकीला, युगोस्लाव्हियाकडून. त्याच्या आदल्याच वर्षी दिल्लीत इराणला 1-0 हरवून एशियन गेम्सचं गोल्ड घेतलं होतं, आणि तिकडे थंडीत आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळत होते. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. मला उलट तोच भाग मोठा वाटतो, एवढा मार खाल्लेल्या टीमला चार वर्षांत मेलबर्नला ऑलिम्पिकच्या सेमीफायनलला नेलं, आशियातली पहिली टीम. ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच घरी 4-2 हाणलं आणि त्यात हॅटट्रिक कुणाची, तर गोव्यात जन्मलेल्या, मुंबईत खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझाची!! हे नाव तरी आपल्या पोरांना माहिती पाहिजे की नको?

ए-703: हे खरंच माहीत नव्हतं

बी-204: आणि 1962 चे जकार्ताचे एशियन गेम्स. ते तर मला कितीही वेळा सांगायला लावा. पहिलीच मॅच साऊथ कोरियाकडून 0-2 हरलो. मग जर्नेल सिंगचं डोकं फुटलं, टाके पडले. तो आपला मेन डिफेंडर, दुसऱ्या कुणी त्याला बसवलं असतं, पण रहीम साहेबांनी त्याला पुढे सेंटर फॉरवर्डला टाकलं. फायनलला परत तेच कोरिया. स्टेडियम गच्च भरलेलं आणि सगळं पब्लिक आपल्या विरोधात, कारण इस्रायल आणि तैवानला येऊ दिलं नाही यावर आपले एक अधिकारी सोंधी जाहीर बोलले होते, त्यावरून जकार्तात भारताच्या नावाने नुसता संताप होता. त्या गोंगाटात पीके बॅनर्जीने 17 व्या मिनिटाला पहिला गोल केला आणि तीनच मिनिटांत दुसरा जर्नेलने, टाके घातलेल्या डोक्याने खेळत. 2-1 जिंकलो. आजारपणातून उठलेला थंगराज गोलला उभा होता. आणि कोचला स्वतःला कॅन्सर होता तेव्हा. आदल्या रात्री त्यांनी पोरांकडे गोल्ड भेट म्हणून मागितलं, हे पीके नंतर सांगायचे.

सी-305: वाचूनच काटा आला अंगावर

डी-101 (आजोबा): त्या टीममध्ये आपल्या मुंबईच्या टाटा टीमचा फॉर्च्युनाटो फ्रँको पण होता. गोव्याचाच.

बी-204: हो आजोबा! जून 1963 मध्ये रहीम साहेब गेले, गोल्डला वर्ष पण झालं नव्हतं. तेव्हापासून एशियन गेम्सचं फुटबॉल गोल्ड आपल्याला परत मिळालेलं नाही. आणि कोचसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला 1985 ला, म्हणजे हयातीत तो मिळायचा प्रश्नच नव्हता. याचा मला खरोखर राग येतो, खेळाडूंची नावं तरी थोडीफार राहिली, शिकवणाऱ्याचं नाव पुसलं गेलं. आपल्या ट्रॉफीने देशात काही बदलणार नाही पण आपल्या पोरांना तरी कळेल.

ए-703: माझं मेस्सी मागे घेतो. रहीम साहेब 👍

सी-305: माझं पण हो. आणि बारीक पोरांची एक मॅच तशीच ठेवूया ना, कच्च्या पायाची. फक्त माझा मुलगा डावखुरा आहे, त्याने काय करायचं?

बी-204: मग त्याने उजव्याने खेळायचं ताई, नियम सगळ्यांना सारखा 😊 मोठ्या पोरांची एक मॅच बिनड्रिबलिंगची लावतो, शिट्टी मी घेईन.

सेक्रेटरी: ठरलं. बॅनरवर ‘सय्यद अब्दुल रहीम चषक’ असं जाईल. चांगला फोटो कुणाकडे असेल तर दहाच्या आत पाठवा, आणि शनिवारी सकाळी सी विंगसमोरच्या गाड्या सातच्या आधी काढा प्लीज.