जिंजरब्रेडचं घर: छप्पर घसरतं, भिंती मऊ पडतात

खाडीकाठ (प्रश्न)
नाताळच्या सुट्टीत मुलांना घेऊन जिंजरब्रेडचं, म्हणजे सुंठ घातलेल्या बिस्किटाचं, घर करायचं आहे. राहायला ठाण्यात, ओव्हन २८ लिटरचा ओटीजी. मैदा, लोणी, ब्राउन शुगर, मध आणि सोडा घातलेल्या भिंती भाजताना पसरतात, कडा जुळत नाहीत. छप्पर तासाभरात सरकतं, दुसऱ्या दिवशी भिंती वाकतात. अंडं चालतं, पण कच्चं नको. प्रमाण आणि मापं दोन्ही सांगाल का?

भट्टीवाली
आधी सोडा काढा. बिस्किट खुसखुशीत व्हायला तो ठीक, पण भिंत फुगली की कडा गोल होतात आणि मग कशालाच टेकत नाहीत.

मैदा ६०० ग्रॅम, लोणी १५०, साधी साखर २००, काकवी १५०, एक अंडं, सुंठ ४ छोटे चमचे, दालचिनी २, लवंगपूड अर्धा, चिमूट मीठ. ताजं आलं नको, त्याचं पाणी सुटतं. लोणी, साखर, काकवी मंद आचेवर एकजीव करा, कोमट झाल्यावर अंडं, मग मैदा. पुरीच्या कणकेइतकं घट्ट मळा आणि तासभर झाकून ठेवा.

बटर पेपरवरच ६ मिमी जाड लाटा. खालच्या मापांचा कागदी नमुना ठेवून कापलंत की भोवतालचं पीठ उचला, तुकड्याला हात लावू नका. उचललेला तुकडा ताणला जातो आणि चौकोन तिरका होतो. १७० अंशांवर १५ ते १८ मिनिटं. ट्रे बाहेर येताच पुन्हा नमुना ठेवून कडा छाटा. दोन-तीन मिनिटांनी सुरी लावलीत तर तडा जातो. गार झाल्यावर तुकडा जरा जरी लवला तरी १२० अंशांवर आणखी १५ मिनिटं वाळवा.

मापं: पुढची-मागची भिंत १४ सेंमी रुंद, बाजूची उंची १०, टोकाची उंची तळापासून १७. बाजूच्या भिंती १८ × १०, त्या पुढच्या-मागच्या भिंतींच्या मध्ये बसवायच्या. छपराचे दोन तुकडे २१ × ११.५.

साखरपाक
छप्पर घसरतं ते आयसिंग सैल असल्यामुळे, आणि घाई केल्यामुळे. आयसिंग शुगर ४५० ग्रॅम, मेरिंग पावडर (अंड्याच्या पांढऱ्याची सुकी पूड, म्हणजे कच्चं अंडं नको) ३ मोठे चमचे, कोमट पाणी ५ मोठे चमचे. ७-८ मिनिटं फेटा. चमचा उभा राहिला पाहिजे. भांड्याला तुपाचा ओशटपणा असेल तर फेस धरत नाही. वाटीवर ओलं फडकं हवंच, नाहीतर वर पापडी येते आणि आयसिंग भरलेल्या पिशवीचं तोंड तुंबतं.

भिंती आडव्या असतानाच मुलांकडून सजवून घ्या. उभ्या भिंतीवरून गोळ्या ओघळतात. मग चारही भिंती जोडा, आतून कोपऱ्यांत आयसिंगची जाड रेघ ओढा, बाहेरून डबे टेकवा. रात्रभर थांबा. छप्पर दुसऱ्या दिवशी, त्याच्या खालच्या कडेलाही वाट्यांचा टेकू देऊन.

खाडीकाठ
आयसिंगऐवजी साखरेच्या पाकाने चिकटवलं तर? आणि खिडक्यांना काच कशी करायची?

भट्टीवाली
कॅरॅमल क्षणात धरतं, पण ते १६० अंशांच्या पुढे तापलेलं असतं आणि कातडीला चिकटून भाजतं. मुलं टेबलाशी असताना नकोच. शिवाय वाकडं बसलं तर सुटत नाही.

न्युर्नबर्गहून
साखरेच्या खिडक्या ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या हान्सेल-ग्रेटेलच्या गोष्टीतल्या चेटकिणीच्या घरालाही आहेत, म्हणून इथे जर्मनीत या घराला ‘हेक्सनहाउस’, चेटकिणीचं घर, म्हणतात. भाजणं संपायला ४ मिनिटं असताना खिडकीच्या भोकात लिंबाच्या कडक गोळ्यांचा चुरा भरा. पूर्ण गार झाल्याशिवाय कागद सोडवू नका.

ठाण्याच्या दमट हवेत मात्र या काचा चिकट होतात. तिथे जिलेटिनचा पारदर्शक तुकडा आतून चिकटवा. भिंती वाकण्याचं मुख्य कारणही तेच: मध आणि ब्राउन शुगर हवेतलं पाणी ओढतात. वर साधी साखर जास्त सांगितली आहे ती त्यासाठीच.

छपराला बदामाचे काप कौलांसारखे खालून वर लावत न्या. बर्फासाठी सुकं खोबरं. रंगीत चॉकलेटच्या गोळ्या आयसिंग थोडं सुकल्यावर लावा, ओल्यावर रंग पसरतो. घर फ्रीजमध्ये ठेवू नका. बाहेर काढताच त्यावर पाणी धरतं. रात्री मोठा स्टीलचा डबा उपडा घालून झाकलंत तरी पुरे.