‘पॉप्युलिस्ट रनिंग मेट’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

अमेरिकेच्या राजकारणावरचा एक लेख मराठीत लिहिते आहे. विषय २००८ सालचा: रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार जॉन मॅकेन यांनी सारा पेलिन यांना उपाध्यक्षपदासाठी सोबत घेतले आणि त्यातून रिपब्लिकन पक्ष कसा पालटत गेला. ‘पॉप्युलिस्ट रनिंग मेट’साठी मी ‘लोकानुनयी सहउमेदवार’ असे लिहिले आहे. व्याकरणात चूक नाही, पण वाचताना अर्थ हातातून निसटतो. दुसरा शब्द सुचतो का?

प्रतिसाद

आधी ‘सहउमेदवार’ बघू. हा शब्द वाचला की एकाच जागेसाठी अर्ज भरलेले दोघे डोळ्यांपुढे येतात, म्हणजे चक्क प्रतिस्पर्धी. अमेरिकेत नेमके उलटे आहे. मतदार अध्यक्ष आणि उपाध्यक्ष या दोघांना मिळून एकच मत देतो. एकाला देईन, दुसऱ्याला नाही, अशी सोय नाही. वृत्तपत्रे ‘उपाध्यक्षपदाचे उमेदवार’ लिहितात ते अचूक आहे, फक्त त्यात दोघांची बांधिलकी दिसत नाही. ‘जोडीदार उमेदवार’ लिहिलेत तर ती दिसेल.

‘रनिंग मेट’ हा शब्द मूळचा घोड्यांच्या शर्यतीतला. एकाच तबेल्यातला दुसरा घोडा पुढे पळवायचा, म्हणजे मुख्य घोड्याला वेग मिळतो. पुणे जिल्ह्यातल्या घाटात बैलगाड्यापुढे घोडी पळते, ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. बक्षीस गाड्याचे असते, पण वेग घोडी ठरवते. तुमच्या लेखाचा विषयही तोच दिसतो: वेग ठरवायला आणलेल्या व्यक्तीने दिशाही ठरवली.

प्रतिसाद

‘लोकानुनयी’वर माझा आक्षेप मोठा आहे. मराठीत हा शब्द देण्याघेण्याशी घट्ट बांधला गेला आहे. कर्जमाफी, वीजबिलात सवलत, निवडणुकीच्या तोंडावरचा अर्थसंकल्प, यांना आपण लोकानुनयी म्हणतो. अनुनय म्हणजे मनधरणी. लोकांना हवे ते देऊन त्यांना राजी ठेवणे, एवढाच त्याचा आवाका.

पेलिनबाईंच्या बाबतीत हा फरक फार स्पष्ट दिसतो, कारण त्यांनी दोन्ही गोष्टी केल्या आणि वेगवेगळ्या ठिकाणी केल्या. अलास्काच्या राज्यपाल असताना (तिकडे हे पद निवडणुकीने मिळते) त्यांनी तेल कंपन्यांवरचा कर वाढवला. त्यासाठी डेमोक्रॅट आमदारांची साथ घेतली. २००८ मध्ये तेलाच्या उत्पन्नातून प्रत्येक पात्र रहिवाशाला १२०० डॉलरची जादा रक्कम दिली. हे आपल्या अर्थाने लोकानुनयी धोरण झाले. त्याआधी २००६ मध्ये त्यांनी स्वतःच्याच पक्षाचे विद्यमान राज्यपाल फ्रँक मर्कोव्स्की यांना प्राथमिक फेरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, हरवले होते.

२९ ऑगस्ट २००८ रोजी ओहायोतल्या डेटन इथे मॅकेन यांनी त्यांचे नाव जाहीर केले. त्याच दिवशी मॅकेन ७२ वर्षांचे झाले. पेलिन ४४ च्या. पुढच्या दोन महिन्यांत त्यांच्या भाषणांत ते १२०० डॉलर नव्हेत, वेगळीच गोष्ट गाजली. ३ सप्टेंबरला सेंट पॉलच्या पक्ष अधिवेशनात त्यांनी छोट्या गावातल्या माणसांची बाजू घेतली आणि वॉशिंग्टनच्या पत्रकारांना, तिथल्या जाणत्या मंडळींना अंगावर घेतले. ऑक्टोबरमध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या सभेत छोट्या गावांतली अमेरिका हीच खरी अमेरिका, अशी मांडणी केली. इथे कुणाला काही दिले जात नाही. कोण खरे आणि कोण परके, याची वाटणी होते. ‘पॉप्युलिस्ट’चा गाभा ही वाटणी आहे आणि ‘लोकानुनयी’ तिच्यापर्यंत पोचत नाही.

प्रतिसाद

मग ‘लोकरंजनवादी’? किंवा ‘जनवादी’?

प्रतिसाद

‘जनवादी’ नको. तो शब्द आपल्याकडे डाव्या चळवळीने घेतला आहे आणि तिथे त्याचा अर्थ लोकशाहीवादी असा आहे. ‘लोकरंजन’ म्हटले की तमाशा, भारूड, जत्रा आठवते. त्यामागची अढी अशी की लोकांना रमवले की झाले. पण पेलिन यांच्या सभांना मॅकेन यांच्यापेक्षा जास्त गर्दी जमायची ती काही करमणुकीसाठी नाही. आपल्याला कुणी विचारत नाही, असे त्या माणसांना मनापासून वाटत होते. ते खरे होते की खोटे हा वेगळा वाद, पण शब्द निवडताना त्यांना बघ्यांच्या रांगेत बसवणे मला अन्यायाचे वाटते.

मी ‘लोककैवारी’ सुचवेन. ‘गरिबांचा कैवारी’, ‘शेतकऱ्यांचा कैवार घेतला’ हे गावोगाव बोलले जाते. या शब्दाची एक खुबी बघा. अनुनय करायला शत्रू लागत नाही. कैवार मात्र नेहमी कुणाच्या तरी विरुद्ध घेतला जातो. कैवार म्हटला की तीन माणसे आलीच: ज्याचा घ्यायचा तो, घेणारा, आणि ज्याच्याविरुद्ध घ्यायचा तो. ‘पॉप्युलिस्ट’मध्येही हेच तिघे आहेत.

प्रतिसाद

शब्दाचे मूळही याला दुजोरा देते. ‘पॉप्युलिस्ट’ हे आधी एका पक्षाच्या माणसांचे नाव होते. कर्जात बुडालेले शेतकरी, रेल्वेचे अवाच्या सवा भाडे, सावकार आणि बँका यांच्याविरुद्ध १८९० च्या दशकात ‘पीपल्स पार्टी’ उभी राहिली. १८९२ मध्ये ओमाहा इथे तिचा जाहीरनामा मंजूर झाला आणि त्याच वर्षी अध्यक्षपदासाठी तिच्या जेम्स वीव्हर यांना दहा लाखांहून जास्त मते पडली.

तुमच्या विषयाशी थेट जुळणारा प्रसंग १८९६ चा आहे. डेमोक्रॅटिक पक्षाने पीपल्स पार्टीचाच चांदीच्या नाण्यांचा मुद्दा (चांदीची नाणी पाडली की चलन वाढेल आणि कर्ज फेडणे सोपे जाईल) उचलून विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांना उभे केले. पीपल्स पार्टीपुढे पेच आला: तोच मुद्दा, मग वेगळा उमेदवार कशाला? त्यांनी ब्रायन यांनाच पाठिंबा दिला, पण ब्रायन यांचे जोडीदार आर्थर स्यूअल त्यांच्या घशाखाली उतरेनात. स्यूअल मेन राज्यातले जहाजबांधणी कारखानदार आणि बँकवाले. म्हणून सेंट लुइसच्या अधिवेशनात रीत उलटी करून आधी उपाध्यक्षपदाचा उमेदवार ठरवला, जॉर्जियाचे टॉम वॉटसन. अध्यक्षपदाच्या एका उमेदवाराला दोन जोडीदार! निकालात रिपब्लिकन मॅकिन्ली यांना २७१ आणि ब्रायन यांना १७६ प्रतिनिधी-मते मिळाली. (राज्याराज्यांतून निवडलेल्या प्रतिनिधींची ही मते विजेता ठरवतात, आणि हे प्रतिनिधी दोन्ही पदांसाठी वेगवेगळे मत देतात.) उपाध्यक्षपदासाठी त्या १७६ पैकी १४९ स्यूअल यांच्याकडे गेली, वॉटसन यांच्याकडे २७.

जोडीदार पक्ष वाचवेल ही आशा फोल ठरली. पीपल्स पार्टी पुन्हा उभी राहिली नाही. वॉटसन यांचे पुढे जे झाले ते मला फार अस्वस्थ करते. गोऱ्या आणि काळ्या शेतकऱ्यांनी एकत्र यावे म्हणून लढलेला हा माणूस नंतर काळ्यांचा, ज्यूंचा, कॅथलिकांचा उघड द्वेष करू लागला आणि १९२० मध्ये सिनेटवर निवडूनही आला. कैवार तोच राहिला. कोणाचा आणि कोणाविरुद्ध, ते मात्र बदलले.

प्रतिसाद

थोडा विरोध नोंदवतो. पेलिन यांनी पक्षाचे रूप पालटले, असे म्हणणे जास्त होते. रिपब्लिकन नेते पॅट बुकॅनन १९९२ मध्ये पक्षाच्या ह्यूस्टनच्या अधिवेशनात जवळपास हेच बोलले होते. जमीन आधीच नांगरलेली होती.

प्रतिसाद

मान्य, पण बुकॅनन पक्षांतर्गत लढतीत हरलेले उमेदवार होते. पक्षाने त्यांना बोलू दिले, एवढेच. जोडीदार निवडताना अधिकृत उमेदवार स्वतःच्या हाताने नाव पुढे करतो आणि अधिवेशन त्यावर मोहोर उमटवते. मोहोर एकदा उठली की पराभवानेही पुसत नाही. २००८ मध्ये ओबामा ३६५ विरुद्ध १७३ प्रतिनिधी-मतांनी जिंकले. मॅकेन सिनेटमध्ये परतले. पेलिन यांनी जुलै २००९ मध्ये राज्यपालपद सोडले, पण फेब्रुवारी २०१० मध्ये नॅशव्हिल इथे टी पार्टी या उजव्या, करविरोधी चळवळीच्या अधिवेशनात त्याच मुख्य वक्त्या होत्या. त्याच वर्षी त्यांच्या पाठिंब्यावर नवखे उमेदवार पक्षाच्या जुन्या नेत्यांना प्राथमिक फेऱ्यांत आव्हान देऊ लागले. जानेवारी २०१६ मध्ये आयोवात त्यांनी ट्रम्प यांना पाठिंबा जाहीर केला.

मॅकेन यांचा स्वतःचा कल जो लीबरमन यांच्याकडे होता, जे २००० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाकडून उपाध्यक्षपदाला उभे होते. आपण त्यांनाच घ्यायला हवे होते, असे मॅकेन यांनी शेवटच्या वर्षी लिहून ठेवले. आणि ऑक्टोबर २००८ ची ती मिनेसोटातली सभा तुमच्या लेखात जरूर यावी. ओबामा ‘अरब’ आहेत, असे एक बाई म्हणाल्या तेव्हा मॅकेन यांनी त्यांच्या हातातून माइक घेतला आणि ओबामा सभ्य, कुटुंबवत्सल नागरिक आहेत, असे ठणकावून सांगितले. त्याआधी त्याच सभेत ओबामांची बाजू घेतल्याबद्दल गर्दीने स्वतःच्या उमेदवाराची हुर्यो उडवली होती. पक्षाचे ‘लोक’ कोण, हे ठरवणे उमेदवाराच्या हातून सुटत चालले होते, ते तिथे उघड दिसले.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. एक शंका उरते. ‘कैवारी’ हा गौरवाचा शब्द आहे. ‘लोककैवारी पेलिन’ लिहिले तर मी त्यांची बाजू घेतली असे वाचकाला वाटेल ना?

प्रतिसाद

वाटेल, शंका रास्त आहे. म्हणून विशेषण नावाला न जोडता राजकारणाला जोडा: ‘लोककैवाराचे राजकारण’. तिथे गौरव गळतो आणि वर्णन उरते. पहिल्यांदा लिहाल तेव्हा ‘पॉप्युलिस्ट’ हा शब्दही देवनागरीत सोबत ठेवा, म्हणजे वाचक चुकणार नाही. ‘लोकानुनय’ अलास्कातल्या त्या १२०० डॉलरसाठी राखून ठेवा. वाक्य असे होईल: ‘मॅकेन यांनी लोककैवाराचे राजकारण करणाऱ्या पेलिन यांना जोडीदार म्हणून निवडले.’ लांब आहे, पण मला तरी ते चालेल.