सांधण दरी: पहिल्या दोरापर्यंत की करोली घाटापर्यंत?

ए-१०४: सर्वांना नमस्कार. रोज सकाळी अजिंक्यताऱ्यावर जाणाऱ्या आपल्या सोसायटीतल्या मंडळींनी जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी-रविवारी भंडारदऱ्याजवळच्या सांधण दरीला जायचे ठरवले आहे. शनिवारी पहाटे साताऱ्याहून निघून पुणे, आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर असे करत संध्याकाळपर्यंत साम्रद गावात मुक्कामाला पोहोचू. आतापर्यंत चौदा नावे आली आहेत. दरीत थोडे आत जाऊन त्याच वाटेने परतायचे की दोराने तळापर्यंत उतरायचे, हे मात्र अजून ठरलेले नाही. कृपया मते कळवावीत.

ब-३०२: माझे मत पूर्ण दरी उतरण्याचे आहे. एवढ्या लांब जाऊन अर्ध्यातून परतण्यात काय अर्थ आहे? आपण सगळे रोज चढणारे आहोत आणि मागच्या वर्षी वासोटाही सर्वांनी व्यवस्थित केला होता.

क-२०१: दादा, तुझा उत्साह मला मनापासून आवडतो, पण अजिंक्यतारा किंवा वासोट्यावरून सांधणचा अंदाज बांधू नये, असे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. गडावर दमलेला माणूस कुठूनही मागे फिरू शकतो. सांधणमध्ये तसे होत नाही. दरीचे तोंड साम्रदपासून चालत जवळच आहे आणि तिथून दोन्ही बाजूंना दोनशे फुटांहून उंच कातळभिंती सुरू होतात, ज्यांच्यामध्ये काही ठिकाणी दोन माणसे जेमतेम शेजारी उभी राहतील एवढीच जागा उरते. पायाखाली मळलेली वाट नाही. वरून कोसळलेल्या धोंड्यांवरून तोल सांभाळत जावे लागते. पुढे साधारण ४५ फुटांचा पहिला कडा लागतो. तो उतरून झाला आणि दोर खाली ओढून घेतला, की परतीचा रस्ता बंद झाला. त्यानंतर आणखी लहान टप्पे, मग कोकणाच्या अंगाला, तळाच्या देहेणे गावाच्या दिशेने दगडांतून उतरणे, आणि आपली गाडी साम्रदलाच असल्यामुळे करोली घाटाच्या पायवाटेने पुन्हा चढून येणे, एवढे सगळे त्या पहिल्या दोरानंतर शिल्लक असते.

चार वर्षांपूर्वी मी कॉलेजच्या मित्रांबरोबर गेलो होतो. आयोजकाने चाळीस जणांना नेले आणि पहिल्या कड्यावर एकच दोर लावला. प्रत्येकाला हार्नेस (दोराला अडकवायचा कमरेचा पट्टा) चढवून खाली सोडायला पाच-सात मिनिटे लागत होती. आम्ही शेवटच्या गटात असल्यामुळे चार तास त्या थंड सावलीत नुसते बसून होतो. खाली पोहोचेपर्यंत अंधार पडला, आमच्यातल्या एकाचा पाय धोंड्यांत मुरगळला आणि कोणाच्याही मोबाइलला रेंज नव्हती. ती रात्र आम्ही तळाशी काढली. त्या मित्राचा कण्हण्याचा आवाज भिंतींवरून परत येत होता, तो मी अजून विसरलेलो नाही. दरी विलक्षण सुंदर आहे आणि मी पुन्हा येणार आहे. पण उतरायचे असेल तर संख्या आठच्या वर नको, दोन दोर हवेत, हेल्मेट सर्वांना हवे (वरून सुटलेला लहानसा दगडही तिथे जीवघेणा ठरू शकतो) आणि साम्रदचा माहीतगार वाटाड्या बरोबर हवाच.

ए-४०३: क-२०१ चे दादा, एवढे सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. माझ्या गुडघ्याचे दुखणे सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे दोराचा विचार मी करतच नाही. पण आत पाणी असते असे ऐकले आहे. त्यातून कितपत जावे लागते?

क-२०१: ताई, पावसाळा संपल्यावरही दरीत पाण्याचे दोन टप्पे बरेच महिने टिकतात. जानेवारीत ते किती खोल असतील हे त्या वर्षीच्या पावसावर अवलंबून असते. आम्हाला एका ठिकाणी कमरेपर्यंत लागले होते. तळात ऊन फार थोडा वेळ पोहोचत असल्यामुळे ते पाणी बर्फासारखे असते आणि खालचे दगड शेवाळाने निसरडे झालेले असतात. आपण तोंडापासून थोडे आत जाऊन पाण्याच्या अलीकडूनच परतावे. भिंतींची उंची आणि ती निळी चिंचोळी आकाशपट्टी तेवढ्यातही मनसोक्त पाहता येते. नंतर रतनवाडीचे अमृतेश्वराचे मंदिर पाहता येईल. त्या जुन्या दगडी मंदिरावरचे कोरीवकाम निवांत वेळ देऊन पाहण्यासारखे आहे.

ब-३०२: क-२०१, दोर ओढून घेतल्यावर परतता येत नाही ही गोष्ट माझ्या खरोखर लक्षात आली नव्हती. मग मी दोन तुकड्या सुचवतो. पण माझ्यासह तिघांनी रॅपलिंग (दोराने कडा उतरणे) कधीच केलेले नाही, त्याचे काय करावे? आणि जूनमध्ये काजव्यांच्या वेळी जाता येईल का, असे मुले विचारत आहेत.

क-२०१: जूनमध्ये भंडारदऱ्याला काजवे पाहायला जरूर जावे, पण दरीत मुळीच उतरू नये. आजूबाजूच्या पठारांवर पडलेले पाणी त्याच घळीतून कोकणाकडे धावते आणि दोन्ही बाजूंना सरळ भिंती असल्यामुळे आत सापडलेल्या माणसाला चढून जायला जागा नसते. इथे ऊन असले तरी वर कुठेतरी पाऊस कोसळत असू शकतो. रॅपलिंगसाठी तिघांनी आधी दोन रविवार जाणकारांकडे लहान कड्यावर सराव करावा, म्हणजे तिथे पहिल्यांदाच दोराला लटकण्याची वेळ येणार नाही.

ए-१०४: चर्चेतून निर्णय झाला असे मी समजतो. उतरणारी तुकडी जास्तीत जास्त आठ जणांची राहील. ती रविवारी उजाडताच निघेल आणि सकाळी दहापर्यंत पहिल्या कड्यावर पोहोचली नाही तर दोर न लावता परत फिरेल. बाकीचे तोंडापासून आत जाऊन परततील आणि रतनवाडीला जातील. वाटाड्याशी क-२०१ बोलतील. आपली तुकडी कोणती, हे प्रत्येकाने शुक्रवारपर्यंत नावासमोर लिहावे.

ए-४०३: माझे नाव रतनवाडीच्या तुकडीत लिहावे. सकाळच्या चहाची आणि दशम्यांची जबाबदारी माझ्याकडे.