टीसीटी पात्याला धार कुठे लावून मिळेल?

प्रश्न: पुण्यात घरीच हौसेने फर्निचर करतो. माझं गोल करवतीचं १० इंची, ६० दातांचं टीसीटी (दातांच्या टोकांना टंगस्टन कार्बाइड या फार कठीण पदार्थाचे तुकडे बसवलेलं) पातं सागवान कापताना धूर काढतंय, कड काळी पडते. मागे एकाने साध्या दगडावर घासून दिलं, चार दातांचे कोपरेच उडाले! भवानी पेठेत भरवशाचं कुणी?

उत्तर: दादा, कार्बाइडला डायमंड व्हीलच (हिऱ्याची पूड बसवलेलं चाक) लागतं. टिंबर मार्केटमध्ये चौकशी करा, पण आधी धार लावणाऱ्याचं मशीन बघा. दात एकाआड एक तिरके असतील, तर तोच कोन राखणार का विचारा. उडालेल्या दातांना नवे तुकडे ब्रेझ करतात (झाळून बसवतात) का, तेही.

उत्तर: आधी पातं धुवा हो. गरम पाणी, धुण्याचा सोडा, जुना टूथब्रश. माझं ‘बोथट’ पातं म्हणजे नुसता चिकटा निघाला होता.

प्रश्नकर्ता: धुतलं. तपकिरी पाणी निघालं, धूरही कमी. ते चार दात मात्र अजून खरवडतायत. शनिवारी जातो.