सातव्या आठवड्यात तपकिरी डाग, मदत हवी आहे

मैत्रिणींनो, मला सातवा आठवडा सुरू आहे, पहिलंच बाळ. कालपासून पुसताना तपकिरी डाग दिसतायत. पॅड लागेल इतकं नाही, लाल रक्त नाही, पोटात कळही नाही. पण जीव थाऱ्यावर नाही.

डॉक्टरांशी फोनवर बोलले. पहिल्या तीन महिन्यांत साधारण ४ पैकी १ बाईला असं थोडंफार दिसतं, आणि त्यातल्या बऱ्याच जणींचं पुढे सगळं सुखरूप होतं, असं त्या म्हणाल्या. तपकिरी म्हणजे बहुतेक जुनं रक्त. तरी गर्भ गर्भाशयातच आहे ना, ठोके आहेत का, हे सोनोग्राफीतच कळेल. ती उद्या आहे. लाल रक्त वाढलं, पोटात एका बाजूला किंवा खांद्यात दुखलं, भोवळ आली तर रात्रीसुद्धा थेट दवाखाना गाठायचा.

माझा रक्तगट ओ निगेटिव्ह, ह्यांचा पॉझिटिव्ह. इतक्या लवकर, एवढ्याशा डागांसाठी तुमच्यापैकी कुणाला अँटी-डी इंजेक्शन (निगेटिव्ह आईच्या शरीरात पॉझिटिव्ह बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ नयेत म्हणून देतात ते) दिलं होतं का? उद्या डॉक्टरांना आणखी काय विचारू? आणि सासूबाई अंथरुणातून उठूच देत नाहीत. डॉक्टरांनी तर पूर्ण झोपून राहायची गरज नाही असं सांगितलंय. तुम्ही घरच्यांना कसं समजावलंत?