पोस्टकार्डवर कॅक्टस काढायचाय, पण कुठला? (आणि छापायचा कसा?)

गोदाकाठची_चित्रं

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, चहा घेऊन बसा. मी हौसेने वॉटरकलर करते. वर्षभर खिडकीतल्या कुंड्या बघून बघून कॅक्टस-सक्युलंटची (म्हणजे पाणी साठवणाऱ्या जाडसर पानांच्या-खोडांच्या झाडांची) बारा चित्रं झाली, मैत्रिणी म्हणाल्या याची पोस्टकार्डं काढ, डिसेंबरात नाशिकच्या कॉलेज रोडला एका प्रदर्शनात अर्धं टेबल मिळतंय तिथे ठेव. म्हणून ट्रायलला दोन डिझाइनची शंभर-शंभर कार्डं एका प्रेसवाल्याकडून छापून घेतली आणि गठ्ठा उघडला तर रडूच आलं. एचेवेरिया या सक्युलंटचा तो निळसर हिरवा, ज्याच्यासाठी मी तीन दिवस घासले, तो अक्षरशः शेवाळ झालाय. काटे अर्धे गायब. आणि दोन्ही बाजूंनी चकाचक लॅमिनेशन, मागे पत्ता लिहायला गेले तर बॉलपेन नुसतं घसरतंय! विचारलं तर म्हणे ताई, लॅमिनेशन फ्रीमध्ये मारून दिलंय.

ते एक झालं. दुसरं म्हणजे माझी मावशी. दोन हात वर केलेला कॅक्टस बघून म्हणाली, "हा कोण, सीबीएस बसस्टँडचा ट्रॅफिक हवालदार?" वर म्हणे अंजनेरीच्या डोंगरावर मी एवढ्या वेळा गेले, असलं झाड कधी दिसलं नाही बाई. आता तिचं बरोबरच आहे, तो मी नेटवरनं बघून काढलेला.

तिसरं म्हणजे सासूबाई. काटेरी झाड घरात नको म्हणतात लोक, तर त्याचं चित्र कोण विकत घेऊन कोणाला पाठवणार, हा त्यांचा प्रश्न. त्यालाही माझ्याकडे उत्तर नाही.

तर काय करू? डिझाइन बदलू, प्रेसवाला बदलू की नादच सोडू?

काट्यावरचा_प्रवासी

नाद अजिबात सोडू नका. मावशींना माझा नमस्कार सांगा, त्यांची नजर पक्की आहे.

तो हवालदार म्हणजे सॅग्वारो. अमेरिकेत ॲरिझोनात आणि खाली मेक्सिकोत सोनोरन वाळवंट आहे तिथलं झाड, पहिला हात फुटायलाच पन्नास-पंचाहत्तर वर्षं लागतात त्याला. टेक्सासमध्येसुद्धा तो आपणहून उगवत नाही, तरी जगभरच्या मगवर, उशीवर, टीशर्टवर तोच. तुम्ही कुंडीतला बोटभर सॅग्वारो दोन हातांसकट काढलाय का? असेल तर त्या कुंडीचं वय तुमच्या आजीएवढं धरावं लागेल 😄

आता आपल्याकडचं. खरे कॅक्टस मूळचे जवळपास सगळेच अमेरिका खंडांतले. आपण डोंगरावर ज्याला सरसकट निवडुंग म्हणतो त्यातलं त्रिधारी, वई निवडुंग, कुंपणाचा शेर (हाच नर्सरीत पेन्सिल कॅक्टस म्हणून विकतात) हे कॅक्टस नाहीतच, ती युफोर्बियाची मंडळी. मोडलं की पांढरा चीक येतो, तो डोळ्यात गेला तर डॉक्टरच गाठावा लागतो, तेव्हा स्केच करायला फांदी तोडून घरी आणू नका. फड्या निवडुंग मात्र खरा कॅक्टस, पण तोही बाहेरून आलेला.

चित्रात फरक कसा दाखवायचा ते सांगतो, कारण इथे बहुतेक जण चुकतात. कॅक्टसचे काटे थेट सालीतून निघत नाहीत. आधी एक बारीक लोकरीसारखी गादी असते, तिला एरिओल म्हणतात, त्या गादीतून काट्यांचा झुपका निघतो. भिंग घेऊन तुमच्या कुंडीतला बघा, लगेच दिसेल. त्रिधारीला ती गादी नसते, धारेवर काट्यांच्या जोड्या असतात, बैलाच्या शिंगांसारख्या. आणि फुलं! त्रिधारीच्या डोक्यावर मोठ्ठं गुलाबी फूल काढलेली कार्डं मी स्वतः पाहिलीत. युफोर्बियाचं फूल इवलंसं पिवळट असतं, ते मोठं झगझगीत फूल कॅक्टसचं.

एक सुचवू? कॅक्टसचं फूलच हवं असेल तर ड्रॅगन फ्रूटचं काढा. तोही कॅक्टसच, आता शेतात लावतात तो. पांढरं, हातभर वाटावं एवढं फूल रात्री उमलतं आणि सकाळी ऊन चढलं की मान टाकतं. नर्सरीत हिरव्या खुंटावर लाल-पिवळा गोळा बसवलेला मिळतो ना, त्यात खालचा खुंट बहुतेक वेळा याच ड्रॅगन फ्रूटच्या जातभाईचा असतो. वरच्या गोळ्यात हरितद्रव्यच नाही, बिचारा खालच्याच्या जिवावर जगतो.

बांधावरचं_बोंड

आमच्याकडे सिन्नर साइडला बांधाला घायपात आणि फड्या निवडुंग दोन्ही. लहानपणी निवडुंगाची लाल बोंडं खायचो, आधी मातीत नाहीतर गोणपाटावर घोळवायची म्हणजे बारीक कूस निघते, तरी एखादी जिभेत राहायचीच आणि मग दोन दिवस जेवताना आईला कळू द्यायचं नाही. तोंड असं लालभडक व्हायचं की लपवणार काय डोंबल. ते बोंड काढा ताई, अर्धं कापलेलं, आतल्या बियांसकट. गावाकडचा माणूस बघताक्षणी घेईल.

काट्यावरचा_प्रवासी

@बांधावरचं_बोंड क्या बात! आणि लालवरून आठवलं, वॉटरकलरमधला जुना अस्सल कार्माइन लाल हा फड्या निवडुंगावर जगणाऱ्या किड्यापासूनच काढायचे. त्या रंगाच्या लोभाने १७९५ साली ब्राझीलहून तो किडा हिंदुस्थानात आणला, पण आली भलतीच जात. रंग मिळाला सुमार आणि किडा निवडुंगच फस्त करत सुटला.

प्रेसकाका_नाशिकरोड

वाचून मजा वाटली. आमच्याकडे नाशिकरोडला नुसतं "प्रेस" म्हटलं की एकच कळते, टपाल तिकिटं छापणारी सरकारी प्रेस, १९२५ साली सुरू झालेली. त्याआधी आपली तिकिटं लंडनहून छापून यायची. माझं आयुष्य तिथे गेलं म्हणून चार शब्द बोलायचा हक्क समजतो.

पोरी, कार्ड हे आधी टपाल आहे आणि मग चित्र. दोन्ही बाजूंनी लॅमिनेशन केलंस की त्यावर तिकीट नीट धरत नाही, आणि तारखेचा शिक्का सुकायच्या आत दुसऱ्या पत्राला पुसला जातो. मागची बाजू कोरडी ठेव, म्हणजे अनकोटेड, वर चकचकीत थर नसलेली. मध्ये एक उभी रेघ, उजवीकडे पत्ता, पिनचे सहा चौकोन, तिकिटाची जागा, बस. पुष्कळ जण मागच्या बाजूलाही वेलबुट्टी काढतात आणि पत्त्याला जागाच उरत नाही. आकार ९ बाय १४ सेंमीच्या खाली जाऊ देऊ नकोस, गोल नाहीतर कुंडीच्या आकाराचं कापण्याचा मोहही नको. आणि पन्नास पैशांत जातं ते पोस्टाचं स्वतःचं कार्ड. तुझ्या छापील कार्डाला तिकीट वेगळं लागेल, जीपीओच्या खिडकीवर एक नमुना दाखवून दर विचारून घे, नाहीतर घेणाऱ्याकडून दंड वसूल होतो आणि शिव्या तुला.

आपल्याकडे पोस्टकार्ड १ जुलै १८७९ ला आलं, पाव आण्याला. त्यावर चित्र नव्हतं तरी लोक घरातलं सगळं लिहायचे, पोस्टमन वाचेल याची कोणाला फिकीर नव्हती.

सातपूरची_शाई

प्रिंटिंगवाला बोलतोय. चूक अर्धी त्याची अर्धी तुमची, राग मानू नका. स्क्रीनवर रंग प्रकाशाने दिसतात, कागदावर चार शायांनी, आणि तुमचा तो निळसर हिरवा त्या चार शायांत पूर्ण बसतच नाही. फाइल देताना आरजीबी (स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांतली) दिली असणार, मशीनने जसं जमेल तसं बदललं. आधी स्वतः सीएमवायकेमध्ये (म्हणजे त्या चार शायांच्या रंगांत) बदला, जिथे मळकट दिसेल तिथे काळी शाई कमी करा, मग एकच प्रूफ (नमुना प्रत) काढा आणि तेही ज्या कागदावर छापायचंय त्याच कागदावर. मोबाइलवर प्रूफ बघून ओके म्हणू नका, हे हात जोडून सांगतो.

काटे गेले कारण गडद हिरव्यात पांढरी बारीक रेघ ठेवली की आजूबाजूची शाई पसरून ती भरून जाते. मूळ चित्रात रेघ जराशी जाड करा किंवा छापून झाल्यावर काटे पांढऱ्या जेल पेनने हाताने काढा, शंभर कार्डांचं काम आहे, दोन संध्याकाळी. स्कॅन ६०० डीपीआयला (इंचाला तेवढे ठिपके), कार्डाची ए-सिक्स साइज ३०० डीपीआयला म्हणजे साधारण १२४० बाय १७४८ पिक्सेल, चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जास्तीची कड. कागद ३०० जीएसएम (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम) जाडीचा, एका बाजूने कोटेड मिळतो तो मागा. आणि प्रेसवाल्याला लेखी द्या, "लॅमिनेशन नको". फ्रीमध्येसुद्धा नको!

मिसळ_आणि_पाव

मला यातलं काही कळत नाही पण सासूबाईंच्या मुद्द्यावर बोलतो. आमच्या आजीला कॅक्टसची कुंडी गॅलरीतसुद्धा चालत नाही, आणि त्याच आजीने दारावर काळ्या दोऱ्याने कोरफड उलटी टांगलीये, दृष्ट लागू नये म्हणून. ना माती ना पाणी, आठ महिने झाले, मेली नाही, उलट खालचं टोक वळून वर निघालंय. आता कोरफड सक्युलंट नाही तर काय? मेन रोडला दुकानं बघत चाला, लिंबू-मिरचीच्या शेजारी दर चौथ्या शटरला लटकलेली दिसेल. सासूबाईंना विचारा, हे चित्र कोणी पाठवेल का.

गोदाकाठची_चित्रं

बाप रे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. प्रेसकाका, मागची बाजू तुम्ही म्हणता तशीच करते. @सातपूरची_शाई राग नाही, आरजीबीच दिली होती 🙈

काल भिंग घेऊन बसले. गादी दिसली! बारापैकी सात चित्रांत मी काटे थेट सालीतून काढलेत, म्हणजे ती सात परत. हवालदार रद्द. फड्याचं बोंड, शेराचं कुंपण आणि पानफुटी नक्की (तिच्या पानाच्या कडेला पिल्लं फुटतात तेच कार्डभर मोठं करणार). आणि आज दुपारी मेन रोडला जाऊन आले. एका भांड्यांच्या दुकानाबाहेर उभं राहून कोरफड काढत होते, खालचं टोक खरंच वर वळलेलं, दोऱ्याला हळद लागलेली, एक पान सुकून दोरीसारखं झालेलं. दुकानदार बाहेर आले, मला वाटलं हटकतात, तर म्हणाले थांबा, आणि आत जाऊन लिंबू-मिरची बदलून ताजी लावली. चित्रात चांगली दिसली पाहिजे म्हणे.

सासूबाईंना रात्री दाखवलं. चष्मा लावून बघितलं आणि म्हणाल्या, दोरा दोन पदरी असतो, तू एकच काढलायस.

मिसळ_आणि_पाव

त्यातलं एक कार्ड माझं, आजीच्या पत्त्यावर. तिकिटाचे पैसे वेगळे देतो.